झुंबरबाईंच्या नावानं

छावणी, हातकणंगले स्टेशन
ता. ५ जानेवारी १८९९

जावईबापू कृष्णातराव यांस झुंबरबाईचा आशीर्वाद.

पत्रास कारण की मी हितं अडकून पडलीया. म्हैसाळहून निघाले तवा वाटलं हुतं, सांजच्याला शालूच्या दारात आसंन. पर आगगाडी हातकणंगल्याला थांबवली आन मिरजेकडनं आलेल्या सगळ्यांस्नी खाली उतरीवलं. तिकडं गाठीचा ताप हाय म्हणं. आता दहा दिस काट्याच्या कुंपणात ऱ्हायाचं. झोपडीत सहा माणसं, एक बी वळखीचं न्हाय. चौदा तारखेला सोडत्यात. शालूचं दिस भरत आल्यात. पयलं बाळंतपण आईच्या हाताखाली व्हायाचं, पर तिला तिकडनं हलवू देईनात म्हणून मीच निघाले, तर माझीच ही गत. तिला जड उचलू देऊ नका. मी आल्याबिगर तिनं बाळंत व्हायाचं न्हाय, असं तिला बजावून सांगा.

(शेवटचं वाक्य बाईंनी सांगितलं तसंच लिहिलं आहे. माझा इलाज चालला नाही. लिहिणार, जोतीराम मास्तर.)


कोल्हापूर
ता. ७ जानेवारी

झुंबरबाई आणि मास्तरसाहेब, दोघांस कुतुबुद्दीन अत्ताराचा सलाम.

तुम्ही मला ओळखत नाही आणि मी तुम्हाला ओळखत नाही. तुमचं कार्ड मी वाचलं, त्याची आधी माफी मागतो. कार्ड उघडं असतं, डोळा जातोच. झालंय असं, की आमच्याकडच्या गल्ल्या महिन्यामागं मोकळ्या केल्या. घरांना कुलपं आणि माणसं माळावर, तट्ट्याच्या झोपड्यांतून. माझं अत्तराचं, तेलाचं, कुंकवाबुक्क्याचं दुकान आहे, ते बघायला मी दिवसातून एक फेरी मारतो. तर टपालवाला सगळ्यांचं टपाल माझ्याच हातात कोंबतो आणि म्हणतो, पोचवा आता तुम्हीच, मला पाय दोनच आहेत.

कृष्णातराव पुढच्या गल्लीतले, गाडीवान. त्यांची माझी तोंडओळखसुद्धा नाही. दाराला कुलूप आहे. कळंब्याच्या तळ्याकडं बरीच माणसं गेलीत, तिकडं शोधतो. माझी बीबी मेहरुन्निसा हिला कार्ड वाचून दाखवलं. ती म्हणाली, त्या पोरीचा पत्ता लागल्याशिवाय घरी येऊ नका. घर म्हणजे चार तट्टे, पण तेवढ्यातही मला घेणार नाही म्हणते. तेव्हा बाईंना सांगा, पत्ता लागणार.

तुम्ही लोक कार्डाला गंधकाची धुरी देऊन पाठवता वाटतं? काय तो वास! हाताचा जाईना.


छावणी, हातकणंगले
ता. ९ जानेवारी

अत्तारसाहेब यांस जोतीराम मास्तरचा नमस्कार.

दुसऱ्याचं कार्ड वाचून त्यावर लगेच कामाला लागणारा माणूस मी पहिल्यांदाच बघितला. माझ्या शाळेत असता तर आधी छडी दिली असती आणि मग शाबासकी.

बाईंना तुमचं पत्र तीनदा वाचून दाखवलं. त्या म्हणतात, लेकीची खूण लिहा. हनुवटीवर गोंदलेले तीन ठिपके, डाव्या भुवईवर लहानपणीची खोक. बोलायला लाजरी, पण हट्टी. हट्ट कुणाचा घेतला, असं मी विचारलं. "बापाचा," म्हणाल्या. मला ते पटलेलं नाही.

मी मलकापूरच्या शाळेत हजर व्हायला निघालो होतो. तिकडं पोरं मजेत असतील. पंधरा वर्षं मी हजेरी घेतली, आता सकाळ-संध्याकाळ माझी घेतात. डॉक्टर येतात, काखेत बोटं घालून बघतात आणि पुढं जातात. इथला नियम असा, की झोपडीत एकाला ताप आला की सबंध झोपडीचे दहा दिवस पुन्हा पहिल्यापासून मोजायचे. त्यामुळं कुणी नुसतं शिंकलं तरी बाकीचे त्याच्याकडं चोर धरल्यागत बघतात. आमच्यात केरबा नावाचा एक म्हातारा आहे. तो तोंडात उपरणं कोंबून खोकतो, आम्हाला त्रास नको म्हणून. त्याला कसला ताप नाही हो, नुसता विडीचा खोकला. तरी माझेसुद्धा कान तिकडंच असतात. लाज वाटते, पण असतात.


कळंबा तळ्याजवळ
ता. १२ जानेवारी

मास्तरसाहेब,

पोर सापडली. पण हे पत्र तुम्ही आधी एकट्यानं वाचा, मग बाईंना काय सांगायचं ते ठरवा.

तळ्याच्या वरच्या अंगाला शेवटची झोपडी त्यांची. मी लांबून हाक मारली तर आतून आवाज आला, "जवळ येऊ नका पावणं, आमच्यात आजार झालाय." स्वतः मरायला टेकलेली, आणि काळजी कुणाची तर वाटेवरच्या माणसाची! सासूला ताप भरला, कृष्णातराव तिला बैलगाडीतून इस्पितळात घेऊन गेले. तिकडं त्यांनाही ठेवून घेतलं. पाच दिवस झाले, शालूबाई एकटी आहे. शेजारचे पाण्याची घागर लांब ठेवून जातात, पुढं पाऊल टाकत नाहीत.

माझ्याबरोबर आलेली मेहरुन्निसा मात्र सरळ आत गेली. पोरीला ताप नाही, गाठ नाही. पण पाय सुजलेत आणि अंगात उभं राहायचंही बळ नाही. पाच दिवस चुरमुरे आणि गूळ, एवढ्यावर आहे. आमच्या हातचं चालायचं नाही हे आम्हाला कळतं, म्हणून आम्ही कोरडा शिधाच नेला होता. ती चूल पेटवायला बसली आणि बसल्या जागी कलंडली. मग बीबीनंच भाकरी केली, वाटीभर कढी केली आणि पुढं ठेवली. पोरीनं हात जोडले. म्हणाली, "मावशी, रागावू नगा. आयेनं मला असं शिकवल्यालं न्हाय. आयेनं सांगितलं तर खाईन." दिवस मावळेपर्यंत दोघी त्या भाकरीपुढं बसून होत्या.

 घरी येऊन बीबी मला म्हणाली, "माझ्या भाकरीला काय झालंय?" मी काय सांगू? मी अकरा झोपड्यांत फिरलो, कुणीतरी त्यांच्यातली बाई दोन भाकऱ्या टाकून देईल का म्हणून. कुणी यायला धजत नाही, आजाराची झोपडी ती. तेव्हा बाईंचा एक शब्द पाहिजे, मास्तर. लवकर पाठवा.


छावणी, हातकणंगले
ता. १३ जानेवारी

(हा कागद शालूबाईस वाचून दाखवावा.)

शालू, आगं येडे, पोटात लेकरू हाय आन उपाशी बसतीस व्हय? त्या मावशीनं तुझ्या पुढ्यात जे ठेवलंय ते मुकाट्यानं खा. मी सांगतीया. त्यात काय पाप आसंल तर ते माझ्या माथी, तुझ्या न्हाय. लोक काय म्हणतील ते मी बघून घेईन की. तू निस्ती खा आन पडून ऱ्हा. तुझी आये, झुंबरबाई.

(हा दुसरा कागद फक्त तुमच्यासाठी.)

अत्तारसाहेब, वरचा कागद खोटा आहे. अक्षर माझं आणि शब्दही माझेच.

तुमचं पत्र आज सकाळी आलं. मी बाईंना सगळं वाचून दाखवलं आणि म्हणालो, सांगा, खा म्हणून लिहितो. त्या म्हणाल्या, "न्हाय. उद्या सुटतेच मी. एक दिस कळ काढ म्हणावं." मी म्हणालो, बाई, कपाळाला कुंकू लावता ते अत्ताराच्याच दुकानातलं ना? त्या म्हणाल्या, "कुंकू लावत्यात मास्तर, गिळत न्हाईत."

दुपारी डॉक्टर आले. केरबाच्या काखेत गाठ निघाली. म्हणजे खोकला विडीचाच नव्हता. त्याला धरायला कुणी पुढं होईना, म्हणून मी उचलून आजाऱ्यांच्या छपरात नेला. आमच्या झोपडीचे नऊ दिवस गेले पाण्यात. आता सुटका बावीस तारखेला. बाई कुंपणाशी जाऊन बसल्या. मी पुन्हा विचारलं. म्हणालो, आता उद्या नाही, बावीस तारीख. तोवर तुमची लेक जगेल का? तेव्हा त्या रडल्या. म्हणाल्या, "मला इचारू नगा. मी व्हय म्हणाले तर सासर तिला टाकंल आन गाव मला चुलीपाशी उभं करणार न्हाय. आपल्यातली कुणीतरी बघा म्हणावं." त्यांचंही काही खोटं नाही. त्यांना माहीत असलेलं जग तसंच आहे.

मग मी लिहायला बसलो. त्या माझ्यासमोरच बसल्या होत्या. "लिवलं का?" त्यांनी विचारलं. मी म्हणालो, लिहिलं.

दुसऱ्याच्या पाटीवरचं उतरवणाऱ्या पोरांना मी आजवर छड्या मारल्या. आता एका आईचं नाव तिच्या डोळ्यांदेखत चोरलं. एका जिवंत माणसासाठी चोरलं, एवढंच म्हणतो. हे बाईंना कळू देऊ नका आणि तुमच्या घरातही बोलू नका. केरबाला हात लावला म्हणून उद्यापासून मला पलीकडच्या कुंपणात टाकणार आहेत.


छावणी
ता. १७ जानेवारी

अत्तारसाहेब, चार दिवस झाले. खाल्लं की नाही? दोन शब्द तरी लिहा. केरबा गेला. आमच्या दोन कुंपणांच्या मध्ये पंचवीस-तीस पावलांची मोकळी जागा आहे. बाई रोज सकाळी पलीकडं येऊन ओरडतात, "मास्तर, टपाल?" मी नाही म्हणून हात हलवतो आणि आत जाऊन पडतो. — जोतीराम


कळंबा तळ्याजवळ
ता. २० जानेवारी

मास्तरसाहेब,

आधी पेढे खा, मग पुढचं वाचा. परवा दुपारी शालूबाई बाळंत झाली. मुलगी झाली. दोघी खुशाल आहेत. पोरीचा आवाज असा, की तळ्यापलीकडची म्हैस दावं तोडून पळाली असं लोक सांगतात. सुईण यायला तयार नव्हती. मेहरुन्निसानंच सगळं केलं. तिनं आपल्या दोन बहिणींचं केलंय. दुःखाची बातमी म्हणजे शालूबाईची सासू वाचली नाही. कृष्णातराव अजून आतच आहेत.

आता खरं सांगतो. तुमचा कागद पंधरा तारखेला मी वाचून दाखवला. मी कधी गिऱ्हाइकाला पाणी घातलेलं अत्तर दिलेलं नाही मास्तर, आणि त्या दिवशी खोटं खरं म्हणून दिलं. पोर ऐकत होती. ऐकून झाल्यावर हसली. म्हणाली, "व्हय, आये अशीच बोलती. 'आगं येडे' म्हणती मला." आणि दोन भाकऱ्या खाल्ल्या. तिसरी मागून घेतली. मी बाहेर येऊन उभा राहिलो. मला आत थांबवेना.

माझी अडचण पुढं आहे. मेहरुन्निसाला वाचता येत नाही. तरी तो कागद तिनं माझ्याकडून घेतला, डोळ्यांना लावला आणि जपून ठेवला. आल्यागेल्याला सांगते, पोटच्या पोरीसाठी जगाचं पाप माथ्यावर घेतलं, त्या आक्काचे पाय धरायचेत मला. मास्तर, बाई दोन दिवसांत इथं येणार. येऊन त्या म्हणाल्या, की हे मी सांगितलंच नाही, तर? पोर म्हणेल, मला फसवून बाटवलं. आणि माझी बीबी, तिनं कुणाचं काय वाईट केलंय? तिचं काय होईल ते माझ्यानं बघवणार नाही. तुमच्याकडं काही उपाय असेल तर कळवा.


छावणी
ता. २२ जानेवारी

अत्तारसाहेब,

हे पत्र स्वतः झुंबरबाईच तुमच्या हातात देतील. आज त्या सुटल्या. पहारेकरी धुरी देऊन हा कागद त्यांच्या ओटीत टाकील, आणि माझीच चोरी त्या माझ्यासाठी वाहून आणतील.

तुमच्या पत्रातली नुसती बाळंतपणाची बातमी मी त्यांना कुंपणापलीकडं ओरडून वाचून दाखवली. मुलगी झाली म्हणताच दोन्हीकडची माणसं ओरडली. ज्यांचे दहा दिवस तिसऱ्यांदा सुरू झालेत तीही टाळ्या वाजवत होती.  मग बाई ओरडल्या, "खायाला काय दिलं तिला?" मी म्हणालो, भाकरी. "कुणी केली?" सबंध छावणी माझ्याकडं बघत होती. मी म्हणालो, आता जाऊन बघालच की.

उपाय मागता, तर तो एकच आहे. सगळा दोष माझ्यावर घाला. म्हणा, त्या मास्तरनं फसवलं, आम्हाला काही ठाऊक नव्हतं. शालूबाईला सांगा, पाप त्या मास्तरच्या माथी. मी इथंच आहे, कुठं पळून जाणार नाही. आमच्या कुंपणात काल आणखी एकजण पडला. आमचा आज पुन्हा पहिला दिवस.


कळंबा तळ्याजवळ
ता. २५ जानेवारी

जोतीराम मास्तर यांस झुंबरबाईचा दंडवत.

पत्र कुतुबभाई लिवत्यात. मी त्यांस्नी शपथ घातलीया, एक बी अक्षर इकडचं तिकडं करायचं न्हाय. ते म्हणाले, करत न्हाय. तुम्ही बी असंच म्हणाला हुतासा.

मी झोपडीत शिरले तवा ती बाई चुलीपाशी हुती. मला बघून झटक्यानं उठली, चुलीपासनं लांब सरली आन माझ्या पायावर डोकं ठेवलं. म्हणाली, "आक्का, तुमच्या कागदानं पोर जगली." मी म्हणणार हुते, कसला कागद? तवर शालू बोलली, "आये, तू सांगितलंस म्हणून खाल्लं, न्हायतर मी मेलेच हुते." पोर तिच्या मांडीवर हुतं. कुतुबभाई दारात पांढरेफटक. सगळी माझ्या तोंडाकडं बघत हुती. मास्तर, मला तवाच सगळं कळलं. त्या दिशी माझ्याफुडं बसून तुम्ही काय लिवत हुतासा ते कळलं.

मी म्हणाले, "व्हय. मीच सांगितलं."

तुमचं पत्र आन तो आधीचा कागद मी मागनं कुतुबभाईंकडनं वाचून घेतला. सगळा दोष माझ्यावर घाला म्हणता. न्हाय घालणार. आता ते लबाडीचं काम तुमचं एकट्याचं ऱ्हायलं न्हाय, त्यात निम्मं माझं. मला पयल्यांदा राग आला, लई आला. तळ्यावर जाऊन बसले आन तुम्हाला शिव्या दिल्या, तुमच्या सात पिढ्यांस्नी दिल्या. मग शिव्या सरल्या आन रडाय लागले. माझी पोर भुकेनं मराय टेकली हुती आन मी सांगितलं, कळ काढ. तुम्ही मला दोनदा इचारलं. दोनदा मी न्हाय म्हणाले. परक्या माणसाला तिची दया आली आन आईला गाव आठवला. हे मी शालूला कवाच सांगणार न्हाय. तुम्हाला सांगितलं, कारण तुम्हाला आधीच ठाऊक हाय.

जावई परवा सुटून आला. त्याला मी दारातच गाठलं आन सांगितलं, तुझ्या बायकूनं ह्यांच्या हातचं खाल्लंय, माझ्या सांगण्यावरनं. काय बोलायचं ते मला बोल. आई गेल्याली बिचाऱ्याची. लेक घेतली आन तिच्या तोंडाकडं बघत बसला. भावकी बोलंल. बोलू दे. तुमच्या कागदात लिवलंय तसं मी बघून घेईन. बघायला जमंल का न्हाय ते मला अजून ठाऊक न्हाय. भ्या वाटतंय, मास्तर.

आन एक खरं सांगते. हितं येऊन तीन दिस झालं, मी माझी चूल दगडं मांडून येगळी केली. कुतुबभाईंची बायकू बघत ऱ्हायली. मी लेकीफुडं व्हय म्हणाले, पर माझा हात काय फुडं हुईना. तिनं दिलेलं पाणी मी तोंडापतुर नेलं आन खाली ठेवलं. तिनं ते बघितलं.

आज सकाळी तिनं मला इचारलं, "आक्का, मास्तर कसे हायती?" मी म्हणाले, अजून आतच हायती, त्यांचा पुन्हा पयला दिस. ती म्हणाली, "तिथं त्यांस्नी भाकरी कोण करून देतं?" मला ठाऊक नव्हतं. तुमच्याजवळ नऊ दिस एका झोपडीत ऱ्हायले, माझी पत्रं तुमच्याकडनं लिवून घेतली, आन हे कवा इचारायचं सुचलं न्हाय मला. तिनं तुम्हाला बघितल्यालं बी न्हाय.

मग मी माझी दगडं पायानं बाजूला केली. वरचं सगळं मी तळ्यावर, शालूच्या कानाआड लिवून घेतलं; आता ती भाकरी थापतीया, मी हितं बसून एवढंच सांगतीया आन कुतुबभाई लिवत्यात. शालूनं माझ्याफुडं ताट मांडलंय आन ती आन शालू दोघी एकमेकींकडं न बघता बसल्यात. मला अजून भ्या वाटतंच. पर हात धुतल्यात.

कुतुबभाई, पुरं करा आता. भाकरी निवाय लागली.